मला धोपटू नका

मी शिलाई मशीनखालच्या पेटीतली वाळू बोलतेय. नदीतून निघाले, बांधकामावर आले. भिंती उभ्या राहिल्या आणि मी जिन्याखाली उरले. मांजराशिवाय कुणी माझ्याकडे फिरकत नसे.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांच्या खाली रात्रपाळीच्या नर्सबाई, दिवसा झोपणाऱ्या. मशीनची धडधड थेट त्यांच्या उशाशी पोचायची. घरमालकांनी बजावलं होतं, "पुन्हा तक्रार आली तर मशीन बंद." आणि घर तर मशीनवरच चालायचं.

बाईंच्या दिरांनी उथळ लाकडी पेटी केली. मला चाळून, वाळवून तिच्यात भरलं आणि धोपटून धोपटून दगड केलं. वर फळी, फळीवर मशीन.

"आता मुंगीचाही आवाज जाणार नाही, वहिनी!"

मी काय करणार? माझा कण न् कण शेजारच्याला घट्ट भिडलेला. एकाला बसलेला धक्का दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असा सरळ जमिनीत. दुपारीच खालून छताला झाडूचा दांडा बसला.

"भाऊजी, तुमची मुंगी बूट घालून चालते वाटतं," बाई म्हणाल्या. हसल्या, पण डोळे भरले होते.

मशीन उतरवून त्या माझ्यापाशी बसल्या. रागारागाने एक कोपरा उकरला. मग पेटी जराशी उचलून, तिच्याखाली हात सरकवून वरून कात्रीची मूठ आपटली. घट्ट जागी हाताला हादरा बसला. उकरलेल्या कोपऱ्यात जवळजवळ काहीच नाही. तिथे माझे कण एकमेकांवर घासत, घरंगळत होते. धक्का त्यातच जिरत होता.

बाईंनी मला सगळीकडे भुसभुशीत केलं. पण मशीन चालली की तिच्याच हादऱ्यांनी मी पुन्हा बसते. म्हणून रोज सकाळी सासू-सुना मशीन उचलतात आणि बाई मला उकरतात.

"माझ्या कमरेला विचारलंस का गं?"

"विचारलं, आई. ती म्हणाली, मशीन बंद पडण्यापेक्षा हे बरं."

कंटाळा आला, ताप आला, तरी बाईंनी एक सकाळ चुकवली नाही.

परवा नर्सबाई वर आल्या. "मशीन विकलीत का हो? आवाजच नाही!"

बाईंनी शिवलेल्या कपड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. नर्सबाई बघतच राहिल्या. मग पिशवीतून उसवलेला युनिफॉर्म काढून म्हणाल्या, "एवढा शिवून द्याल?"

माझे कण आता झिजलेत. तरी बाई, उद्याही मशीन उचला, बोटं घाला. फक्त मला दाबू नका. धडधड मी सांभाळते.