मुळे दुसऱ्याची, फुले माझी

मित्रांनो, मी शिंपीणमावशींच्या दुकानाच्या दारातला जुना नारिंगी गुलाब आहे. आज मला घाई आहे, म्हणून फार लांबण लावत नाही.

माझा जन्म रोपवाटिकेत झाला. माळ्याने एका जंगली गुलाबाच्या खोडाला चीर पाडली, तिच्यात माझ्या फांदीचा डोळा, इवलासा अंकुर, बसवला आणि वर घट्ट पट्टी गुंडाळली. म्हणजे मुळे त्या जंगल्याची आणि फुले माझी! एका दांड्यावर एकच फूल मिरवणारा ऐटबाज मी नव्हे. मी झुबक्यांनी फुलतो. सकाळचे ऊन, बुंध्याशी पाणी आणि सुकलेल्या फुलांची वेळेवर खुडणी, एवढ्यावर मी खूश असे. गिऱ्हाइके माझ्यापाशीच रेंगाळत. मग मावशी लटक्या रागाने म्हणत, "आधी माप द्या, मग काय तो गुलाब बघा!"

पुढे, जिथे मला जंगल्यावर बसवले होते त्या जोडाच्या खालून एक हिरवागार कोंब निघाला. तो जंगल्याचा होता. मावशींना मात्र वाटले, मलाच नवी फांदी फुटली. त्या कौतुकाने टेप लावून त्याची उंची मोजू लागल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीने एकदा विचारले, "ताई, हा फारच सुटलाय. कापू का?"

"छे गं! लांब असलेलं बरं. आखूड पडलं तर पुन्हा थोडंच वाढवता येतं?"

कापडाचे खरे आहे हो ते, पण मी कापड नाही! जंगल्या सगळे पाणी, सगळे खत गट्टम करू लागला. फुलाचा पत्ता नाही, नुसता माज. माझी पाने पिवळी पडून गळाली. जीव तोडून दोन कळ्या धरल्या, त्याही न उमलताच वाळल्या. मला फार भीती वाटते, मित्रांनो.

आज मावशींनी माझ्या फांदीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. बहिणीला म्हणाल्या, "म्हातारा झाला बिचारा. काढून टाकू, म्हणजे नव्या फांदीला जागा होईल."

अहो, म्हातारा नाही मी, उपाशी आहे! पण गुलाबाला ओरडता कुठे येते?

कोणीतरी धावत या. मावशींना खाली वाकून जोडाची गाठ बघायला सांगा. गाठीच्या वरचे ते माझे, खालून फुटेल ते परके. त्या कोंबाचा नुसता शेंडा छाटू नका, माती उकरून तो मुळापाशी ओढून काढा. माझी साल नखाने खरवडून बघा, आत अजून हिरवे आहे. लवकर या! मावशी माझ्यापाशी येऊन बसल्या आहेत, आणि मला दुखू नये म्हणून आधी कात्रीची धार बघताहेत.