एवेन म्हणजे दगड

ज्यू केंद्रात प्रौढांच्या वर्गांचं संमेलन रंगात आलं होतं. चित्रकलेवाल्यांनी भिंती भरून टाकल्या होत्या, हिब्रूवाल्यांनी टाळ्या घेतल्या होत्या. राहिलं होतं कीर्तन, पोरसवदा दावीद आणि धिप्पाड गल्याथ यांच्या लढाईचं, आणि ते करायला उभ्या होत्या टेलरमावशी. आयुष्यभर शिलाई मशीनवर मान खाली घालून बसलेल्या बाईसमोर आज भरलेलं दालन होतं.

चिटणीसांनी आधीच बजावलं होतं, "लोक शेवटपर्यंत बसले तर तुमचा वर्ग पुढे चालू. उठून गेले तर खोली व्यायामवाल्यांना. आणि पाचला त्यांच्या तासासाठी दालन रिकामं हवं."

"वहिनी, घाम पुसा," पेटीवर बसलेली नणंद पुटपुटली. "लढायचंय दावीदाला, तुम्हाला नाही."

"वन्सं, तुम्ही सूर धरा. टोमणे घरी मारा."

मावशींनी देवाचं नाव घेऊन वही उघडली, तर समोर कीर्तनच नव्हतं. काटकसरी बाई! एकाच वहीत त्यांनी दोन वर्ग बसवले होते: कीर्तन पुढून, हिब्रू मागून, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे जातं. घाईत वही मागून उघडली गेली. दावीद आणि गल्याथ कुठल्या कुठे, समोर नुसती शब्दांची यादी! वही उलटायची एवढंच काम. पण टाळ धरलेले हात हलेनात.

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी छत्री उचलली. नणंदेने तोच सूर तिसऱ्यांदा दाबला.

तेवढ्यात मावशींची नजर एका शब्दावर पडली. एवेन. म्हणजे दगड.

"मंडळी," त्या एकदम म्हणाल्या, "दावीदाने ओढ्यातून दगड उचलला. त्या दगडाला आपल्या पवित्र भाषेत काय म्हणतात? एवेन! अक्षरं तीनच. आलेफ, बेत, नून. बेतचा उच्चार कधी ब, कधी व. पहिली दोन वाचा, होतो 'आव', म्हणजे बाप. शेवटची दोन वाचा, होतो 'बेन', म्हणजे लेक. अहो, पोरगं एकटं कुठं होतं? म्हाताऱ्या बापाने, इशायाने, लढाईवरच्या भावांची खुशाली आणायला धाडलेलं लेकरू ते. मुठीत दगड होता, आणि दगडात बाप-लेक दोघं!"

"वाऽ!" मागून कुणीतरी ओरडलं. छत्री खाली गेली. मावशींच्या तोंडातून वहीत नसलेलं पद आपसूक बाहेर पडलं:

"बाप पाठीशी, लेक पुढे,
मग दावीदाला भय कुठे?"

नणंदेने चाल अशी अलगद झेलली, जणू महिनाभर तालीम केली होती. दालन टाळ्यांनी दणाणलं. गल्याथ आला, त्याचं चिलखत खणखणलं, त्याने शिव्या घातल्या, लहान मुलांसारखे सगळे हसले. दावीदाची गोफण गरगर फिरू लागली.

दार उघडलं. चिटणीस. "पाच वाजले, आवरा आता."

"श्शऽ!" छत्रीवाले गृहस्थ त्यांच्यावरच खेकसले. "गोफण फिरतेय, दिसत नाही?"

चिटणीसांच्या मागे व्यायामवाल्या बायका गुंडाळलेल्या चटया काखेत घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने आत येऊन चटई पसरली आणि मांडी घातली. मग दुसरीने.

"सुटला का दगड?" चिटणीसांनी हळूच विचारलं.

"आधी बसा," मावशी म्हणाल्या, "मग सोडते."

चिटणीस चटईच्या कडेला बसले.