उजवा कौल

गुरुदासानं स्क्रूड्रायव्हरनं पुट्टीच्या डब्याचं झाकण उचकटलं आणि डबा अस्लमच्या पायाशी वाळूत दाबून ठेवला.

"लाव."

अस्लम होडीच्या बुडाशी उकिडवा बसला होता. मिठबावच्या किनाऱ्यावर फायबरची ती होडी ओंडक्यांवर कुशीला टेकवली होती. खडकाला घासून तिच्या बुडाला चीर गेली होती. काचेच्या कापडाचे थर रेझीनमध्ये भिजवून अस्लमनं ती बंद केली होती. जोड पक्का होता, पण वर खडबडीत खळगा राहिला होता. तो भरून सपाट करायचा होता, नाहीतर वेगात धावणारं पाणी तिथंच नख खुपसणार.

भरायचं कशानं, यावर सकाळपासून अडलं होतं. गुरुदासानं आणलेली पुट्टी गॅरेजवाले गाडीच्या पत्र्यावर लावतात ती. लगेच सुकते, घासली की आरशासारखी दिसते. अस्लमच्या पिशवीत इपॉक्सी होतं आणि त्यात कालवायची पिठासारखी हलकी पावडर. ती पाण्याला दाद देत नाही, पण पावसाळी हवेत तिचा एकेक थर सुकायची वाट बघावी लागते. होड्या पाण्यात सोडायचा शुक्रवार परवावर आला होता. तोवर ते होणं नव्हतं.

"गुरुदासभाऊ, ही पुट्टी पाणी पिता," अस्लम पुन्हा एकदा म्हणाला. "फुगतली, सुटतली. मगे खालचे थर उचकटूक वेळ लागाचो नाय."

"गावासमोर कौल घेतलंय. देवान उजवो दिल्यान. आता तू नको म्हणतलंस?"

वाऱ्याबद्दल, रेझीनबद्दल अस्लमनं कुणाशीही वाद घातला असता. दुसऱ्याच्या देवाबद्दल त्यानं काय बोलावं? गुरवानं देवाच्या अंगावर लावलेली उजवी, होकाराची कळी पाण्याच्या थेंबासारखी सुटून आली, हे गुरुदासानं त्याला दोनदा सांगितलं होतं. शुक्रवारी साऱ्या होड्या नारळ देऊन पाण्यात जाणार. देवानं हो म्हटल्यावर आपली एकटीच वाळूवर कशी ठेवायची, हेही सांगितलं होतं. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. नाटकी माणूस नव्हता तो. सप्ताहात कीर्तन रंगलं की पहिल्या रांगेत मान डोलवत बसणारा, बुवांच्या पाया पडताना लहान मुलासारखा होणारा.

अस्लमनं पुट्टीत हार्डनर मिसळला. आता थांबता येत नव्हतं. पत्र्याच्या पट्टीनं त्यानं ती खळग्यात दाबली, ओढली, पुन्हा दाबली. हात चालू ठेवून, वर न बघता त्यानं विचारलं,

"देवाक काय विचारलात?"

"काय विचारतलंय? होडी तयार आसा, शुक्रवारी सोडू काय, म्हटलंय."

पट्टी थांबली. मग अस्लम पुन्हा पट्टी ओढू लागला. पण गुरुदासाला आपलंच 'तयार आसा' ऐकू गेलं असावं. त्यानं उगाच डब्याचं झाकण उचललं, त्यावरची वाळू झटकली आणि परत खाली ठेवलं.

तेवढ्यात ओंकार आला. गुरुदासाचा थोरला. होडी तोच नेणार होता, बरोबर दोन खलाशी. त्यानं वाकून कडेच्या ओल्या पुट्टीवरून अलगद बोट फिरवलं.

"अस्लमचाचा, बुडाक लावलात तशी माझ्या तोंडाक लावा मरे. लगीन तरी जमात."

अस्लम हसला. गुरुदास हसला नाही.

समुद्र अजून खवळलेला होता. बाकीच्या होड्या पहिल्या दिवशी किनारा धरूनच राहणार, असं ठरलं होतं. ओंकारनं समुद्राकडे तोंड करून सांगून टाकलं की, आपण तसं करणार नाही.

"मी भायर खोल जातलंय. देवान दिल्यान, मगे भियाचा कित्याक? होय मां, बाबांनू?"

गुरुदासानं त्याच्याकडे पाहिलं. मग होडीच्या बुडाकडे. तिथं चीर कुठं होती हे आता सांगताही आलं नसतं. तो खाली बसला, अस्लमच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि ती पुट्टीच्या कडेत खुपसली. पुट्टी घट्ट व्हायला लागली होती. त्यानं दोन्ही हातांनी रेटा दिला. मोठा लपका सुटून वाळूत पडला.

"तुझी पावडर काढ," तो अस्लमला म्हणाला.

"बाबांनू, शुक्रवारचा काय?"

"परत कौल घेतलंय," गुरुदास पाठमोराच म्हणाला. "डावो लागलो."

ओंकारचं तोंड उतरलं. गुरुदासानं उरलेली पुट्टी खरवडली, पट्टी अस्लमला दिली आणि पाण्यापर्यंत गेला. ओल्या वाळूनं हात घासले, पुन्हा घासले. काठीवर टांगलेला सदरा अंगात घातला. घराची पाणंद सोडून तो देवळाच्या पायऱ्यांकडे वळला.

"परत कौल कधी घेतल्यानी?" ओंकारनं विचारलं. "सकाळपासून तर बाबा हयच आसत मां?"

अस्लमनं पिशवी ओढून इपॉक्सीचे दोन्ही डबे बाहेर काढले. पायऱ्या चढणाऱ्या त्या पाठीकडे एकदा पाहिलं.

"आता जातत, बघ."