कांडपाचा आवाज गिळणारे महाराज

"शांत झालं! समदं शांत झालं!" सहादेवतात्या माझ्या कानाशी ओरडले.

"काय म्हणालात?" मीही ओरडले.

"शांत झालं म्हनतो!"

शेजारी मुक्ताबाईंचं मिरची कांडायचं यंत्र धडाधड आदळत होतं, आणि दीडदोनशे माणसं हात जोडून शांततेचा अनुभव घेत उभी होती. मी कानाची डॉक्टर. सोनईत दवाखाना टाकल्यापासून नाना तऱ्हेचे बहिरे तपासले, पण एवढे एकदम कधी पाहिले नव्हते.

झालं होतं असं. मुक्ताबाईंच्या कांडपाला लागून असलेल्या मोकळ्या जागेत आदिनाथशेठना फ्लॅटची इमारत बांधायची होती. परवानगीच्या अर्जाला तिथल्या आवाजाचा अहवाल जोडायचा होता, म्हणून नगरहून वरद नावाचा इंजिनिअर आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. त्यात आकडा आला ब्याऐंशी डेसिबल. एवढ्या दणदणाटात झोपायची खोली कोण विकत घेणार? इमारत सरकवावी, जाड भिंत घालावी, असलं काही शेठच्या मनात आलं नाही. त्यांनी निःशब्दमहाराजांना बोलावलं.

निःशब्दमहाराज सकाळपासून बोलत होते. श्वास कधी घेत होते कोण जाणे. "डेसिबल म्हणजे काय? अरे, देशी बल! आपलंच बल साहेबानं पळवलं, नाव बदललं, अन् आपल्यालाच मोजून दाखवलं!" टाळ्या. "नाद येतो कुठून? आकाशातून. जातो कुठं? माझ्या बेंबीत!" पुन्हा टाळ्या. आवाजाचा आणि बेंबीचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. बेंबी मात्र सगळ्यांनी वाकून वाकून पाहिली.

मग पूजा. आपल्याकडे ट्रॅक्टर येवो की फ्रीज, कुंकू लावल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही. त्यामुळे वरदचं यंत्र पाटावर बसलं तेव्हा कुणालाच काही खटकलं नाही. महाराजांनी हळदकुंकवाचा ओला गोळा अंगठ्यावर घेतला, यंत्राच्या टोकाला चांगला दाबून चोळला, डोळे फिरवून 'हुं फट्' केलं, आणि आकडा घसरत घसरत पन्नासवर आला.

"बघा!" शेठ गरजले. "आवाज बांधला! मुक्ताबाई, आता इमारतीला शेजारीण म्हणून तुमची हरकत नाही, एवढं सगळ्यांसमोर बोलून टाका."

मुक्ताबाई पदर सावरत पुढं झाल्या. नवरा गेल्यापासून त्यांचं घर त्या एका यंत्रावर चाललंय. मी मधेच आडवी गेले.

"थांबा हो मुक्ताबाई! उद्या फ्लॅटात माणसं राहायला आली आणि त्यांना तुमचं यंत्र ऐकू आलं, तर?"

"बोंब मारतील की."

"मग बंद काय होईल? इमारत की तुमचं यंत्र?"

त्या थबकल्या. "पर डॉक्टरीनबाई, म्हाराजांनी आवाज गिळलाय न्हवं?"

"गिळलाय, तर मग आपण दोघी एवढ्या किंचाळतोय कशाला?"

गर्दीत पहिल्यांदाच चुळबुळ झाली. मी पाटाजवळ गेले. टोकाचं ते लालपिवळं बुजलेलं भोक बघितलं आणि माझे हात शिवशिवले. दिवसभर मी लोकांच्या कानातला मळ काढते, मला हे दुखणं कळायला कितीसा वेळ लागणार!

"वरद, यंत्र नीट ऐकतंय का, हे तपासायची काही सोय असेलच ना तुझ्याकडे?"

"आहे ना मॅडम." त्यानं खिशातून एक छोटी डबी काढली. "ही कायम चौऱ्याण्णवचाच आवाज काढते. टोकावर बसवली की यंत्रानंही चौऱ्याण्णवच दाखवायला हवेत."

"मग बसव."

यंत्रानं दाखवले बासष्ट. वरदचा चेहरा पडला.

"पूजेनंतर का नाही तपासलंस?"

"शेठ म्हणाले, देवाधर्माचं झाल्यावर शंका घेऊ नये."

त्यानं टोकाची जाळी काढली, मी चिमट्यानं आणि कापसानं ती लख्ख केली. परत बसवली. डबीवर चौऱ्याण्णव, आणि डबी काढल्यावर कांडपाचे तेच ब्याऐंशी!

"आत्ता गं बया!" सहादेवतात्या म्हणाले. "बेंबीतनं सुटला व्हय?"

हशा पिकला. मी पाटावरचं कुंकू बोटावर घेतलं आणि मंत्रबिंत्र न म्हणता जाळीत दाबलं. वरद कळवळला, पण आकडा पुन्हा पन्नासवर. "या जाळीमागं एक पातळ पडदा असतो," मी सांगितलं, "आपल्या कानात असतो तसा. आवाजानं तो हलतो. वाट बुजवली की हलायचा थांबतो. आवाज कुठं गेला नाही, यंत्र बहिरं झालंय. महाराज, हे आधी कुठं कुठं केलंत?"

महाराज मंद हसत राहिले. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच हसू. जटा बाजूला सारून बघितलं, तर दोन्ही कानांत कापसाचे बोळे! गावाचा आवाज गिळणाऱ्याला एक कांडप सोसत नव्हतं. मी बोळा उपसला तसे महाराज दचकले आणि पादुका हातात घेऊन जीपकडे सुटले. दिवसभरात पहिल्यांदाच ते नावाला जागले.

मुक्ताबाईंनी शेठकडं वळून बघितलं. आवाज चढवायची त्यांना गरजच नव्हती, त्या जन्मभर कांडपाच्या दणदणाटातच बोलत आल्यात.

"शेठ, घरं बांधा, माजं काय न्हाई. पर त्यात लेकरं झोपनार हायेत. खरं काय ते मोजा. झोपायच्या खोल्या पल्याड घ्या, हिकडं भिंत घाला. त्यांची झोप मोडून मला कांडायचं न्हाई, अन् उद्या त्यांनी येऊन माजी चूल इझवलेली बी चालायची न्हाई."

शेठ मान खाली घालून वरदला म्हणाले, "मोजा परत."

यंत्राला कुंकू लावायची हौस असेल तर खुशाल लावा, पाठीवर लावा. पण कुणी आकडा दाखवला, तर आधी आपल्या कानाला विचारा की बाबा रे, तुला काय ऐकू येतंय? दोघांचं जुळलं नाही तर मोजणाऱ्याला विचारा, सगळ्यांसमोर विचारा, देव त्यानं रागवत नाही. त्या दिवशी दीडदोनशे माणसांना कांडपाची धडधड स्वच्छ ऐकू येत होती आणि एकानंही तोंड उघडलं नाही. तेवढ्यानं एका बाईची चूल विझली असती.