दुपट्यांना दिलेली धुरी

मोहना चार महिन्यांची झाली आणि मी पुन्हा प्रयोगशाळेत जायला लागले. माझ्या पीएचडीचा विषय असा, की जन्मानंतरचे दोन आठवडे उंदराची पिल्लं रोज तीन तास आईपासून लांब ठेवली, तर मोठेपणी त्यांच्या मेंदूवर काय परिणाम होतो. विषय निवडला तेव्हा माझं लग्नही ठरलेलं नव्हतं. आता बडोद्यातल्या नातेवाइकांपैकी कुणी विचारलंच, तर मी "मेंदूवर काम करते" एवढंच सांगते. पिल्लांचं नाव काढलं की लोक आधी मोहनाकडे बघतात, मग माझ्याकडे.

उंदरांचे तीन तास. माझे प्रवास धरून सात. रोज दुपारी मी सासूबाईंना मेसेज करून तीन गोष्टी विचारते: दूध किती प्यायली, झोपली किती, रडली का. तिसऱ्याचं उत्तर कायम एकच, "रडली नाही." मी ते डायरीत लिहून ठेवते. न रडणं हे चांगलं लक्षण की वाईट, यावर मी बावीस शोधनिबंध वाचले आहेत आणि अजून ठरलेलं नाही.

आजवरचं संशोधन म्हणतं, अशी पिल्लं मोठी झाली की भित्री होतात. अर्ध्या भागाला भिंती असलेल्या उंच फळीवर सोडली तर भिंतीच्या आडोशाला बसून राहतात, उघड्या बाजूला जात नाहीत. माझे उंदीर मात्र मजेत उघड्यावर फिरले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बेटा, आ तो सरस पेपर छे." मला झालेला आनंद संशोधिकेचा नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मी सासूबाईंना मेसेज न करता डबा खाल्ला.

मग सहामाही सादरीकरणासाठी जुने व्हिडिओ मोजायला बसले. तीन तासांनी पिल्लं परत दिल्यावर आई त्यांना किती वेळ चाटते, ते सेकंदांत लिहायचं असतं. जास्त चाटलेली पिल्लं धीट होतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या उंदरिणी भरपूर चाटत होत्या, फक्त शनिवारी निम्म्याहून कमी. मी एसीची नोंद तपासली, खाद्य तपासलं, पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या प्रतापरावांची ड्युटी तपासली. मधेच एक मंगळवारही कमी निघाला. त्याचं कारण काही सापडेना.

ते सापडलं घरी, ओट्यावरच्या भिंतीवर. सासूबाईंच्या कॅलेंडरात त्या मंगळवारी अमावस्या होती.

मोहनाला न्हाऊ घातलं की सासूबाई शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि वेखंड टाकून तिला धुरी देतात. तिची त्या दिवशीची दुपटीही त्याच धुरावर धरतात. शनिवारी आणि अमावस्येला मात्र तेल नाही, धुरी नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. आणि प्रयोगशाळेत कापूस संपला होता तेव्हा प्रतापरावच म्हणाले होते, "ताई, घरचं मऊ मलमल आणा पिल्लांच्या अंगाखाली." पिल्लं वेगळी ठेवायचे ते दोन आठवडे मी रोज सकाळी घडीवरचं एक दुपटं पिशवीत घालून नेत होते. पिल्लं तीन तास वेखंडाच्या वासात झोपायची. परत गेल्यावर तो परका वास काढायला त्यांच्या आया चाटत बसायच्या.

म्हणजे माझी पिल्लं धीट निघाली ती सासूबाईंच्या धुरीने.

शुभंकरला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो मकरपुऱ्याला कारखान्यात माल तपासण्याचं काम करतो. त्याने शांतपणे विचारलं, "तुझ्याशिवाय हे कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

दोन दिवस मी तेवढ्यावर होते. गप्प राहिले असते तर जूनमध्ये प्रबंध सादर झाला असता. निबंध छापून आला असता आणि माझ्यासारख्या एखादीने तो वाचून निवांत डबा खाल्ला असता. मुख्य म्हणजे मीच तो रोज वाचला असता. पण कॅलेंडर समोरच होतं. भाजी ढवळताना दर वेळी त्या मंगळवारावर नजर जायची.

तिसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी वेखंड म्हणजे काय ते विचारलं. मी वर्णन केलं. "घोडावज," त्या म्हणाल्या. "मारी बा पण आपती." म्हणजे त्यांची आईही द्यायची. एवढा जिव्हाळा दाखवून त्यांनी सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला सांगितला. वर्ष वाढलं. यापुढे कापूस प्रयोगशाळेचाच, साबण बिनवासाचा, कपडे बंद पिशवीतले. आणि सकाळी निघताना बाळाला उचलून घ्यायचं नाही.

सासूबाईंना विचारून पाहिलं, की मी निघाल्यावर धुरी दिली तर? त्या मोहनाचे केस पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या उंदरांना चालत नाही म्हणून माझ्या नातीने थांबायचं?" धुरी आहे त्या वेळेलाच राहिली.

नवी पिल्लं जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नियमाप्रमाणे आंघोळ केली, पिशवीतले कपडे घातले आणि दारात उभी राहिले. एरवी या वेळी मोहना माझ्या खांद्यावर असते. सासूबाईंच्या कडेवरून तिने दोन्ही हात पुढे केले. मी लांबूनच टाटा केलं. तिने आधी हात हलवले, मग ओठ काढला आणि भोकाड पसरलं. मी जिन्यात थांबले. सवयीने घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं झाली तरी ती थांबली नव्हती. मग मला निघावंच लागलं.

प्रयोगशाळेत सगळं ठरल्यासारखं झालं. कापूस कोरा होता. तीन तासांनी पिल्लं परत दिली. आईने हुंगलं, थोडं चाटलं आणि ती खाद्याकडे वळली. प्रतापराव म्हणाले, "आज हिला कसली घाई?" मी सेकंद लिहिले. आकडा अगदी बरोबर होता, आजवरच्या संशोधनाला धरून.

दुपारी मेसेज आला. दूध दीडशे मिली. झोप पाऊण तास. रडली नाही.

मी डायरी काढून मागची पानं चाळली. सात महिने, एकाखाली एक, "रडली नाही", माझ्याच अक्षरात. आजच्या तारखेपुढची जागा तशीच सोडली, सासूबाईंना "बरं" असं उत्तर पाठवलं आणि हातमोजे चढवून दुसरा पिंजरा उघडला.