लोटनचा कान

लोटन मिस्तरीच्या पोटात दुखायला लागलं ते सकाळी नऊ वाजता. समोरच्या गॅरेजात घेवरचंद शेठची गाडी उभी होती.

अठरा वर्षांची जुनी गाडी. चाळीसगावात तिचं बॉनेट लोटनशिवाय कुणी उघडलेलं नव्हतं. आणि आज तिच्यावर वाकला होता नवल! बारा वर्षं लोटनच्या हाताखाली काढली, आणि गेल्या दसऱ्याला पठ्ठ्याने थेट समोरच दुकान थाटलं. गावात दुसरी जागा नव्हती जशी काही!

खरं तर मागच्या आठवड्यात शेठ लोटनकडेच आले होते. स्टेअरिंग जड झालंय, वळताना कण्हतं, म्हणाले. लोटनचं सगळं काम कानावर चालायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून रोग सांगायचा. या कानासाठी धुळ्याहून गाड्या येत. गाडी चालू ठेवून त्याने स्टेअरिंगच्या पंपाला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. "पंप ठणठणीत आहे, शेठ," तो म्हणाला. शेठ निघून गेले, आणि आज गाडी नवलकडे.

दुपारपर्यंत लोटनने कशीबशी कळ काढली. मग स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तरातरा रस्ता ओलांडला. नवा पंप बसला होता. पुढची चाकं जॅकवर होती, नवल आत बसून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होता. शेजारी हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. शेठ खुर्चीत चहा पीत होते.

लोटनने कुणाला न विचारता पंपाला टोक टेकवलं, डोळे मिटले. वाईट ऐकायलाच आला होता तो, वाईटच ऐकू आलं.

"घुंई घुंई करतोय! कच्चं काम!"

नवल खाली उतरला. कानाशी येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, गाडी बंद शे."

लोटनने डोळे उघडले. पंपाचा पट्टा नाकासमोर होता, फिरतच नव्हता. नवा पंप बसवला की आधी बंद गाडीवर स्टेअरिंग फिरवून तेलातली हवा काढायची, मगच गाडी सुरू करायची. हे नवलला शिकवलं होतं कुणी? लोटननेच.

"काय म्हणतात लोटनभाऊ?" शेठने विचारलं.

नवलच्या जागी लोटन असता तर त्याने अख्ख्या बाजारात दवंडी पिटली असती.

"थोडी हवा राहिलीय म्हणतात," नवल मोठ्याने म्हणाला. "काढतो."

"कान असावा तर असा!" शेठ खूश झाले.

या एका वाक्यासाठी लोटन सकाळपासून जळत होता. ते नवलने भीक घालावी तसं त्याच्या पदरात टाकलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यापेक्षा पोराने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

तो आपल्या दारात येऊन बसला. थोड्या वेळाने समोर कॉम्प्रेसर बंद झाला, गाडीचं बॉनेट थरथरू लागलं. शेठने नवलची पाठ थोपटली. लोटनने जिवाचे कान केले. काही म्हणता काही ऐकू येईना. गाडीचं कण्हणं खरंच थांबलं की आपला कान गेला, हे विचारायचं तर आता नवललाच विचारावं लागणार होतं.