दहाला नऊ

मी बोलतोय तो इब्रामपूरच्या बाबलीचा वजनकाटा. गोल तबकडी, वर कडी, खाली आकडा, पंचवीस किलोपर्यंत जोखायची ताकद. तुमच्या दारी येणाऱ्या भाजीवाल्याचा तागडी-दगडांचा कारभार माझा नव्हे. मी टांगून जोखतो. पंधरा हंगाम काजूच्या बिया जोखल्या आणि तीन वेळा फ्रान्सला जाऊन आलो. आमच्या पेडणे तालुक्यात असा दुसरा काटा दाखवा, मी आकड्याला शेण टांगून घेईन.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यातला. तिथलं काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती बाबलीच्या ओसरीपासून. बाबली काजूबियांचा गावठी व्यापारी. मार्च लागला की आसपासच्या वाड्यांवरून लोक पोती घेऊन यायचे, बाबली आढ्याच्या हुकाला मला अडकवायचा, पोतं टांगायचा आणि माझ्याकडे बघून आकडा पुकारायचा. पहिलं वर्षभर मी खरं बोललो. हे सांगून ठेवतो, कारण पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

मग बाबलीचं डोकं फिरलं. लोक ओल्या बिया आणतात, पोत्यात माती येते, घरी नेऊन सुकवल्या की वजन उतरतं, मग ती घट मी का सोसू, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे मी. एका शुक्रवारी त्याने मला म्हापशाला नेलं. तिथे गल्लीत बसणाऱ्या एका दुरुस्तीवाल्याने माझं पोट उघडलं, आतली स्प्रिंग काढली आणि जरा ताठर स्प्रिंग बसवली. तेव्हापासून दहा किलो टांगले की मी नऊ दाखवतो. वीस टांगले की अठरा. इमानेइतबारे, एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही. लबाडीतसुद्धा शिस्त लागते हो.

हे बाबलीच्या बायकोला माहीत नव्हतं. चंद्रावती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती, सरळ बाई. तिचा भाऊ यशवंत हसापूरला राहतो. त्याच्या बिया दरवर्षी बाबलीकडेच. चार उन्हं दाखवून, निवडून, खडा नाही, माती नाही, अशा बिया. त्याही माझ्यावरच जोखल्या गेल्या. पहिल्या खेपेला बाबलीचा हात जरा थांबला होता. दुसऱ्या खेपेला थांबला नाही. चौदा वर्षांत माणसाला काय सवय लागेल सांगता येत नाही. बाबली तर मी खोटा आहे हेच विसरून गेला.

त्याला ते आठवलं फ्रान्सला जाताना.

त्यांची एकुलती एक मुलगी गौरवी लग्न होऊन तुलूज शहरात गेली. जावई साईश, आमच्या तुयेचाच, तिथे विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. मुलीने आईबापाला बोलावलं आणि आमच्या घरात कागदांचा पाऊस सुरू झाला. पाहुण्याला घरी ठेवून घेणार असा तिथल्या नगरपालिकेचा दाखला लागतो. गौरवीने त्याची रंगीत झेरॉक्स पाठवली. मुंबईला व्हिसाच्या खिडकीवर सांगितलं, मूळ कागद आणा. दोघं रिकाम्या हाताने परत. झेरॉक्सवर सगळी सरकारं चालतात ही बाबलीची समजूत तिथे पहिल्यांदा उतरली.

मग बॅगा. माणशी तेवीस किलो. चंद्रावतीने उकडे तांदूळ, आमटीला सोलां, उसळीला अळसांदे, लोणच्याची बरणी, सगळं भरलं. बाबलीने मोठ्या रुबाबात मला हुकाला अडकवलं आणि बॅग टांगली. मी तेवीस दाखवले. वर गंमत अशी, की तिथून परत येताना जोखायला हवं म्हणून मलाही त्याच बॅगेत कोंबलं. माझं स्वतःचं किलोभर वजन कुणी धरलंच नाही.

मोपाचा विमानतळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. यशवंतानेच गाडीतून सोडलं. खिडकीवर सिद्धी नावाची पेडण्याचीच पोर होती. बॅग पट्ट्यावर ठेवली आणि ती म्हणाली, काका, साडेसव्वीस आहे. बाबली हसला. तिला सांगायला लागला, की बाय, मी जन्मभर जोखत आलो, तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या. बोलता बोलता मध्येच थांबला. मी बॅगेच्या आत होतो, त्याचं तोंड दिसलं नाही, पण आवाज बसलेला मला कळला. त्याला माझी स्प्रिंग आठवली होती.

त्या क्षणी बोलून टाकलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण बाजूला बायको उभी, मागे मेव्हणा उभा. बाबलीने आवाज चढवला आणि यंत्रालाच लबाड ठरवलं. चंद्रावतीने नवऱ्यावर विश्वास ठेवून यंत्राला शिव्या दिल्या, आणि साडेतीन किलो सामान काढून भावाच्या हातात दिलं. काढलं काय, तर लेकीसाठी केलेलं लोणचं आणि अळसांदे. बाबलीचे जोडे तसेच राहिले.

फ्रान्सबद्दल लोक मला काय काय विचारतील म्हणून सांगतो, मी बराचसा कपाटात होतो. पण कानावर येतं. पहिल्या खेपेला हे दोघं ऑगस्टात गेले. ऑगस्टात तिथे निम्मं गाव सुट्टीवर. पाववाल्याच्या दारावर चिठ्ठी, की तीन आठवडे बंद. बाबलीला ते पचेना. आमचा पोदेर गणपतीच्या चवथीलासुद्धा सायकलचा भोंगा वाजवत येतो, आणि यांचा सरळ कुलूप लावून जातो. दुसरा पाववाला सापडला, तर बाबलीने आत शिरून नुसतं बोट दाखवलं. बाई बघेचना. मागून चंद्रावतीने हात जोडून बोंजूर म्हटलं आणि पाव मिळाला. तेव्हापासून ती बोंजूर म्हटल्याशिवाय लिफ्टचं बटणसुद्धा दाबत नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी भरून ठेवायचं. हॉटेलात नळाचं पाणी मागायचं, ते फुकट. नुसतं पाणी म्हटलं तर बाटली येते. स्टेशनवर गाडी कुठल्या फलाटावर ते वीस मिनिटं आधी लागतं, तेव्हा दोन तास फलाट शोधत फिरू नये. बाबली फिरला होता.

दुसऱ्या खेपेला बाबली शहाणा झाला. म्हणजे त्याला तसं वाटलं. तो बायकोला म्हणाला, वीसच भर, जास्त नको. चंद्रावतीने वीस भरले, माझ्या तबकडीकडे बघितलं आणि विचार केला, की तीन किलो रिकामे कशाला न्यायचे? बाबली आंघोळीला गेला तेवढ्यात तिने काजू आणि खाज्याची पुडी घालून पुरे तेवीस केले. मोपाला परत तेच. परत यंत्र लबाड, परत यशवंताच्या हातात पिशव्या. यशवंत पिशव्या घ्यायचा आणि गाडीकडे जायचा.

तिसरी खेप गेल्या ऑक्टोबरातली, गौरवीच्या बाळंतपणाची. चंद्रावतीने डिंकाचे आणि मेथीचे लाडू वळले. आपल्या दोन जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, बाळाच्या अंगाखाली. विमानतळावर तिला लाडू की वाकळ असं निवडावं लागलं. तिने लाडू काढले. त्या वेळी ती पहिल्यांदा यंत्रावर चिडली नाही. डबा भावाकडे दिला. बाबलीने पाठ फिरवली.

बाळ झालं. मुलगी, तीन किलो शंभर ग्रॅम. पाचव्या दिवशी तिथली सुईण घरी आली, जोखून म्हणाली, थोडं उतरलंय, उतरतंच, मी पुढच्या मंगळवारी परत येते. चंद्रावतीला ते पटलं नाही. तिने अंगणवाडीत शेकडो पोरं झोळीत टांगून जोखली होती. मंगळवारपर्यंत कोण थांबणार? दहाव्या दिवशी, शनिवारी, तिने कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं.

मी काटा. टांगलं ते सांगायचं, एवढंच मला येतं.

तिने मला दाराच्या वरच्या हुकाला अडकवलं, वाकळीची झोळी केली, बाळ आत ठेवलं आणि हात सोडला. रिकामी झोळी तिने आधीच जोखली होती, ती वजा जाता मी दोन किलो आठशे दाखवले. तिने झोळी काढून पुन्हा टांगली. दोन आठशे. खाली झोळीत ती पोर मजेत जांभई देत होती.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. चंद्रावती म्हणाली, मूल वाळतंय, तुझं दूध पुरत नाही. गौरवी दहा दिवस झोपली नव्हती, तिला वरचं दूध द्यायचं नव्हतं, ती आधी भांडली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. आपणच पोरीला उपाशी ठेवली असं ती बोलत होती, आणि ते ऐकून चंद्रावतीलाही रडू आलं. साईशने जोडे घातले. संध्याकाळ व्हायला आली होती, उद्या रविवार, दुधाचा डबा आणायचा तर आत्ताच. तो दाराशी पोचला तेव्हा बाबली खुर्चीतून उठला.

“जावांयबापू, राव. काटो खोटो आसा.”

थांब म्हटल्यावर साईश थांबला, पण कुणाला काही कळलं नाही. बाबलीने स्वयंपाकघरातून साखरेच्या तीन पुड्या आणल्या. किलो-किलोच्या, वर छापलेलं. पिशवीत घालून मला टांगल्या. मी दोन किलो सातशे दाखवले. मग त्याने मान खाली घालून हिशेब सांगितला, की दहाला नऊ, म्हणजे बाळ तीन शंभर. जन्माचं वजन भरून आलंय. पोरगी धडधाकट आहे.

गौरवीने बाळाला उचलून छातीशी धरलं आणि परत रडली, पण ते रडणं वेगळं. साईशने जोडे काढले. मला वाटलं, झालं, सुटलो. पण चंद्रावती साखरेच्या पुड्यांकडे बघत उभी होती.

“माझ्या भावाच्यो बियो पण तुमी ह्याच काट्यार जोखल्यात?”

बाबली पुड्या उचलून स्वयंपाकघरात ठेवायला गेला. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

उरलेले दोन महिने त्या घरात बाळासाठी सगळं झालं, आणि नवराबायकोत कामापुरतं बोलणं झालं. बाबली मला कचऱ्यात टाकायला निघाला होता. तिथे कचऱ्याचेही प्रकार, पिवळ्या झाकणात काय आणि हिरव्यात काय. मी कशात जातो हे ठरवत तो जिन्यात उभा होता. चंद्रावतीने मला त्याच्या हातातून घेतलं आणि येताना स्वतःच्या बॅगेत तळाशी ठेवलं. मोपाला उतरल्यावर तिने घरी जाऊ दिलं नाही. न्यायला आलेल्या यशवंताला म्हणाली, आधी हसापूरला चल.

यशवंताच्या ओसरीवर तिने मला काढून पाटावर ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. बाबलीने सांगितलं. नीट सांगता येईना, स्प्रिंगपासून सुरू करून ओल्या बियांवर गेला, पण सांगितलं. यशवंत ऐकत होता. मग त्याने मला उचललं, तबकडीवरची धूळ पुसली आणि परत खाली ठेवलं.

“माका पयल्याच वर्सा कळलेला. मी घराकडे जोखून आणतंय मा. पण थंय माझी भैन नांदता.”

चंद्रावतीने पदर तोंडाला लावला. बाबली ओसरीच्या पायरीवर बसला. यशवंताच्या बायकोने, कमलने, चहा आणला. सोबत बशीत लाडू होते. ते तिने नंतर स्वतः वळले होते, चंद्रावतीच्या डब्यातले कधीच संपले, असं म्हणाली.

तर असा मी. मार्च तोंडावर आलाय आणि मी परत बाबलीच्या ओसरीच्या खुंटीला लटकतोय. बाबलीने यशवंतासमोर कबूल केलंय, की म्हापशाला जाऊन मला दुरुस्त करून आणीन, मगच पहिलं पोतं टांगीन. चंद्रावती रोज मला झाडूच्या टोकाने हलवते आणि त्याच्याकडे बघते. तो म्हणतो, जाऊ या, घाई कसली.

लोकहो, माझी विनंती त्याला नाही, तुम्हाला आहे. इकडून कुणी जात असाल तर मला पिशवीत घालून न्या. दुरुस्तीवाला त्याच गल्लीत बसतो, काम अर्ध्या तासाचं. जुनी स्प्रिंग शोधायलाही नको. बाबलीने ती चौदा वर्षं देवाच्या फोटोमागे कागदात गुंडाळून ठेवलीय, हे त्याच्याखेरीज एक मलाच ठाऊक आहे. फ्रान्सला तो तीनदा जाऊन आला. म्हापशाच्या बाजाराला दर शुक्रवारी जातो. त्या गल्लीत वळायला मात्र त्याला अजून सवड झालेली नाही.